नांगर पडेपर्यंत

गालावरचा अर्धा साबण निघाला होता आणि अर्धा तसाच होता, तेवढ्यात चांगदेव घरतच्या खिशातला मोबाइल थरथरला. वस्तरा गालावर असताना माणसानं फोन बघू नये एवढी अक्कल सहासष्टाव्या वर्षी असायला हरकत नव्हती; पण गेला आठवडाभर तो याच निरोपाची वाट बघत होता, आणि वाट बघणाऱ्याला अक्कल नसते. अंगावरच्या कापडाखालून हात काढून त्यानं फोन डोळ्यांपुढे धरला. तरंगिणी कंपनीतल्या प्राप्तीचा निरोप होता: ‘काका, फायनल फाइल. एकदा नजरेखालून घाला, उद्या प्रिंटला जाते.’ खाली पुस्तक. मुखपृष्ठावर निळंशार पाणी, पांढऱ्या शिडाची नौका, नौकेवर गॉगल लावलेलं एक जोडपं, आणि डोक्यावर जाड अक्षरांत ‘तरंगिणी कोस्टल गाइड’. तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘पूर्वीचा भागोजीचा दर्यामार्ग’. याचं त्याला काही वाटलं नाही. म्हणजे वाटायचं ते करारावर सही करताना वाटून झालं होतं. बोटानं पानं सरकवत तो रेवदंड्यापाशी आला, कारण दरवर्षी तो आधी रेवदंडाच बघायचा. तिथं छापलं होतं: ‘तरंगिणी सुचवते, ओहोटीत या मुखात शिरू नये. माझा भाऊ इथेच गेला.’

तो दचकला आणि वस्तरा लागला. “अंकल, हिलो मत ना,” न्हावी म्हणाला आणि तुरटीचा खडा शोधू लागला. आरशात गालावर एक लाल रेघ उतरत होती. चांगदेवला ती दुसऱ्याच कुणाच्या तरी गालावरची वाटली. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, मग आधीचं पान, मग नंतरचं. ‘तरंगिणी सुचवते, थळच्या खडकांना डावीकडे ठेवून चला.’ ‘तरंगिणी सुचवते, इथे तळ चिखलाचा आहे, नांगर धरतो.’ कुणीतरी गार खोलीत बसून संगणकाला सांगितलं असणार, की बाबा रे, जिथं जिथं ‘भागोजी म्हणतो’ दिसेल तिथं तिथं ‘तरंगिणी सुचवते’ घाल. संगणकानं ते इमानेइतबारे केलं होतं. त्याच्याकडून पुढच्या वाक्यातला ‘माझा’ कोणाचा हे विचारायची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. पण माणसांनी वाचलं की नाही? तिकडे चार माणसं पगार घेतात ना? कंपनीला भाऊ असतो का? असलाच तर तो मिठाचा मचवा घेऊन रेवदंड्याला जातो का? चांगदेवला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी राग आला, तोही कुणावर काढावा हे न कळणारा, म्हणजे सगळ्यात वाईट जातीचा.

कारण तो ‘म्हणतो’ मुळात त्याच्या बापाचाही नव्हता. तो मास्तरांचा होता. बाप, भागोजी घरत, शिडाच्या मचव्याचा तांडेल. उरणच्या मिठागरांतलं मीठ भरून थळ, रेवदंडा, मुरूड करत खाली जायचा आणि येताना नारळ-सुपारी आणायचा. सही करताना त्याचा हात असा चाले, जणू कुणी मागून धक्का देतंय. लिहिणं वगैरे त्याच्या गावी नव्हतं. पण कुठल्या खाडीच्या मुखाला पाणी केव्हा चढतं, कुठला खडक पाण्याखाली तोंड लपवून बसलाय, कुठलं देऊळ कुठल्या माडाच्या पाठीशी आलं की सुकाणू वळवायचं, हे त्याच्या तोंडात होतं. आणि एका पावसाळ्यात, मचवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेला असताना, गावच्या शाळामास्तरांनी ते त्याच्याकडून वदवून घेऊन लिहिलं. मास्तर शिस्तीचे. त्यांनी स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या खडकाची जबाबदारी घ्यायला ते तयार नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी दोन शब्द घातले: ‘भागोजी म्हणतो’. उद्या कुणाचा मचवा फुटला तर त्यानं भागोजीला जाब विचारावा, मास्तरांना नव्हे. अलिबागच्या छापखान्यानं ते तसंच छापलं, पिवळ्या पुठ्ठ्यात, शेवटी वर्षाच्या भरती-ओहोटीची कोष्टकं जोडून. आणि अंग झटकायला घातलेले ते दोन शब्द किनाऱ्यावर असे रुजले, की रेवसपासून मुरूडपर्यंत लोक पुस्तकाला पुस्तक म्हणेनासे झाले. ‘भागोजीला इचार.’ ‘भागोजी काय बोलतंय?’ ‘भागोजी नको म्हन्तंय, उद्या निघू.’ बाप वारल्यावरही बोलत राहिला. बाराव्याच्या दिवशी एक कोळी अंगणात येऊन निरागसपणे म्हणाला होता, “भागोजी म्हन्तंय दुपारी पानी हाय, मना निघाया होवं.” आणि रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या होत्या.

न्हाव्यानं तुरटी फिरवली. झोंबलं. “और कुछ?” त्यानं विचारलं. चांगदेव पैसे ठेवून उठला. बाहेर रस्त्यावर नवी कोरी उंच घरं दोन्ही बाजूंना उभी होती, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पायाखाली कोणाकोणाच्या शेतांचे बांध होते हे त्याला अजून सांगता आलं असतं. पण ते विचारणारं कोणी नव्हतं. त्यानं मितेशला फोन लावला. मितेश त्याचा मुलगा, कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरांचा धंदा करणारा, न्हावा शेव्याच्या रांगेत गाड्या अडकल्या की जगावर चिडणारा आणि एरवी मनानं चांगला. पुस्तक नौकाविहाराच्या तरंगिणी कंपनीला द्यायचा प्रस्ताव त्यानंच आणला होता, बापाला बरं वाटावं म्हणून. अलिबागचा छापखाना मिटला होता, पुस्तक घेणारे हात कमी होत चालले होते, आणि दरवर्षी पेटीभर प्रती माळ्यावर जाऊन बसत होत्या. “बाबा, नाव तर आपण दिलंय ना?” मितेश म्हणाला, मागं कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. “एकदा दिलं म्हटल्यावर आतलं काय नि बाहेरचं काय? नायतर पुस्तक बंदच पडणार होतं. निदान निघतंय तरी.” हे खरं होतं. मितेशचं बोलणं नेहमी खरं असायचं आणि तेच सहन व्हायचं नाही. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं. “अरे, पण तुझ्या आजाचा भाऊ गेलाय तिथं! हिचा कोण गेलाय?” चांगदेव रस्त्यातच ओरडला. पलीकडे पुन्हा हॉर्न वाजला. मग मितेश म्हणाला, “कोणाचा कोण गेला? बाबा, मी गेटवर आहे, नंतर करतो.”

त्याला माहीत नसणं साहजिक होतं. येसाजी चांगदेवच्या जन्माआधीच गेला होता. भागोजीचा धाकटा भाऊ, नुकतंच लग्न झालेला. त्या फेरीला भागोजी तापानं निजून होता म्हणून मचवा येसाजीनं नेला, आणि रेवदंड्याच्या मुखाशी, ओहोटी लागलेली असताना, वाळूच्या आडव्या पट्ट्यावर मचवा बसला आणि लाटांनी उलटा केला. मीठ विरघळलं. दोघं खलाशी पोहत कोर्लईच्या बाजूला लागले. येसाजी मिळाला नाही, त्या दिवशी नाही की कधीच नाही. मिळाला नाही म्हणून त्याला जाळलं नाही, जाळलं नाही म्हणून कुठं दगडही मांडला नाही. त्याचं म्हणून या जगात जे काही उरलं, ते मास्तरांनी लिहून घेतलेलं एक वाक्य. मास्तरांनी म्हणे विचारलं होतं, हे पुस्तकात घालायचं का, हे खासगी आहे. भागोजी म्हणाला होता, घाला, नुसतं शिरू नका म्हटलं तर कोण ऐकतंय.

आणि ते वाक्य ऐकणारी एक बाई अजून जिवंत होती. येसाजीची बायको, मनुबाई, चांगदेवची काकी. खोपट्याच्या खाडीकाठी गावच्या घरात ती एकटी राहत होती, मिठागरं भराव घालून बुजली तरी तिथंच. दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी नव्या पुस्तकाची पहिली प्रत तिच्याकडे जायची. भागोजी होता तोवर तो न्यायचा, मग चांगदेव नेऊ लागला. तिला वाचता येत नव्हतं. ती ओटीवर भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, वाच. तो रेवदंडा उघडायचा. ‘माझा भाऊ इथेच गेला’ आलं की ती डोक्यावरून पदर घ्यायची, आणि तो थांबायचा नाही, कारण थांबायचं नसतं. या पुस्तकाचा तो रिवाज होता, आणि तो कुणी पाडला हे कुणालाच ठाऊक नव्हतं: पान उघडलं की मचवा पाण्यावर आला. मधे धोका आहे, खडक आहे, वाळू आहे, तिथं पुस्तक मिटायचं नाही. प्रत्येक बंदराचा मजकूर ‘नांगर टाका’ या शब्दांवर संपायचा, आणि तिथवर वाचूनच पुस्तक मिटायचं. मधेच कुणी हाक मारली, भात करपला, पाहुणा आला, तरी बोट घालून ठेवायचं किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात उघडं द्यायचं. लहानपणी चांगदेवनं एकदा थळच्या खडकांवर पुस्तक फटकन मिटलं होतं आणि आईनं पाठीत असा धपाटा घातला होता, की त्याला आधी वाटलं घरात खरंच कुणीतरी बुडालं. म्हणून काकीपुढेही तो वाचत जायचा. भरती पाऊण झाली की पांढरी घुमटी जोडमाडांच्या मधोमध धरा, उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर, रेघ सोडू नका, पाणी हिरव्याचं काळं झालं की शीड उतरवा, नांगर टाका. तेव्हा मनुबाई म्हणायची, “आयला.” एवढंच. आला. मग हात पुढे करून पुस्तक घ्यायची आणि स्वतः मिटायची. दरवर्षी एकदा, त्या ओटीवर, येसाजी सुखरूप आत यायचा. यंदाही यायला हवा होता, आणि यंदा त्याला आत आणायला चांगदेवच्या हातात होती तरंगिणी.

बेलापूरच्या कार्यालयात इतकी थंडी होती की गालावरची चीर पुन्हा जागी झाली. काचेच्या पेटीत बंदराचं छोटं रूप मांडलेलं होतं, काडीएवढ्या नौका, नखाएवढी माडांची झाडं, आणि समुद्राच्या जागी निळा चकचकीत पत्रा, ज्याला भरती नाही आणि ओहोटीही नाही. प्राप्ती धावतच आली. पनवेलकडची पोर, मितेशच्या ओळखीतली, बोलायला गोड. तिच्यावर चिडता येत नव्हतं हाही एक वैतागच होता. “काका, अरे देवा, लागलं काय? बसा ना. कॉफी सांगते.” त्यानं फोन पुढे केला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिचा चेहरा खरोखरच उतरला. “शिट. सॉरी. सॉरी काका. हे ऑटोमॅटिक झालंय, कुणी बघितलंच नाही.” मग सावरून म्हणाली, “डोन्ट वरी. तशी पण ही लाइन थोडी निगेटिव्ह वाटते ना, वीकेंडला सेलिंगला येणाऱ्या फॅमिलीज वाचणार. आपण ती ड्रॉपच करून टाकू.”

“माझा काका ड्रॉप करायचा?”

पेटीतल्या पत्र्यावर दिव्याचा उजेड पडला होता, त्याकडे ती बघत राहिली. “माझे आजोबा पण मिठागरात होते, काका,” ती हळूच म्हणाली, जणू काही त्यानं तिला जवळ करावं म्हणून. चांगदेवला वाटलं, मग तुला कळायला हवं होतं. आणि लगेच वाटलं, हिला का कळावं? आपल्याच पोराला कळलं नाही. “बाकी सगळीकडे नाव परत घाल,” तो म्हणाला. “वरचं ठेवा तुमचं. आत बोलणारा माणूस परत आणा. ज्यानं बघितलं त्यानं बोलायचं. तुमच्यातलं कोण तिथं गेलंय?” प्राप्तीनं मान हलवली. ते तिच्या हातात नव्हतं. मजकूर कंपनीच्या आवाजात असेल असं करारात लिहिलं होतं, खाली त्याची सही होती, आणि तिनं ती सही दाखवली नाही हा तिचा चांगुलपणा. ती उठून आतल्या खोलीत गेली, बऱ्याच वेळानं परतली आणि म्हणाली, “एक होऊ शकतं. मी भांडले. ती एक लाइन हेरिटेज कोट म्हणून ठेवू, वेगळ्या बॉक्समध्ये, ‘भागोजी म्हणतो’ सकट. फक्त ती. चालेल ना?” आणि चांगदेव, जो सकाळपासून जगाशी भांडायला निघाला होता, “चालेल” म्हणाला. वर “थँक यू” म्हणाला. वर कॉफीही प्यायला. परतीच्या वाटेवर त्याला आपण जिंकल्यासारखं वाटत होतं आणि तोंडात कॉफीची कडवट चव होती, या दोन गोष्टींचा संबंध त्याच्या लक्षात आला नाही.

तो लक्षात आला पुस्तक हातात पडल्यावर. कागद गुळगुळीत, इतका की त्यावर अंगठा ठरेना. रेवदंड्याच्या पानावर निळी चौकट होती, चौकटीच्या कोपऱ्यात नक्षीदार नांगर, आणि आत तिरक्या अक्षरांत: ‘भागोजी म्हणतो, ओहोटीत या मुखात शिरू नये. माझा भाऊ इथेच गेला.’ त्याच्या वर तरंगिणी, त्याच्या खाली तरंगिणी. चांगदेवनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटली. ज्या माणसानं सबंध किनारा सांगितला, कुठं गोडं पाणी मिळतं, कुठल्या गावचे लोक दोर पकडायला धावतात, कुठल्या बंदरात तांडेलानं पोरांना उतरू देऊ नये कारण तिथं ताडी फार स्वस्त आहे, असल्या खोड्यादेखील ज्यानं मास्तरांच्या नाकावर टिच्चून घालायला लावल्या, त्याच्या तोंडी आता सबंध पुस्तकात एवढंच उरलं होतं: माझा भाऊ इथेच गेला. वाट दाखवणारा गेला होता आणि रडणारा तेवढा ठेवला होता. आणि हे मागून कोणी घेतलं? त्यानंच. ती बिचारी पोर भांडली होती त्यासाठी. चांगदेवला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. गालावरची चीर बरी होत आली होती, तेवढीच काय ती सोय.

तरी तो गेला. न जाऊन चाललं नसतं. काकीला पुनव कळायची. पाऊस नुकताच उघडून गेला होता, अंगणात शेवाळ होतं, आणि जिथं मिठाचे पांढरे ढीग असायचे त्या बाजूला आता कंटेनरचे ढीग होते, रंगीत, एकावर एक. मनुबाई ओटीवर होती. वयानं ती इतकी आक्रसली होती की भिंतीला टेकलेली बाई नव्हे, भिंतीला अडकवलेलं लुगडं वाटावं.

“आयलास? औंदा येल केलास.”

“छपाईला उशीर झाला, काकी.”

तिनं पुस्तकावरून हात फिरवला. “गुलगुलीत हाय,” ती म्हणाली. चांगलं की वाईट ते कळलं नाही. “वाच.”

त्यानं रेवदंडा उघडला. येताना बसमध्ये त्यानं ठरवलं होतं: छापलेलं काही का असेना, आपण सगळं ‘भागोजी म्हणतो’ असंच वाचायचं. तोंडपाठ होतं. तिला काय कळणार? हा विचार त्याला बसमध्ये शहाणपणाचा वाटला होता, आता तिच्यासमोर तोच विचार चोरासारखा वाटू लागला. त्यानं चौकट वाचली. ‘माझा भाऊ इथेच गेला’ आलं आणि मनुबाईनं डोक्यावरून पदर घेतला, जसा ती गेली साठ-पासष्ट वर्षं घेत होती. आणि चांगदेव थांबला. कधी थांबला नव्हता तो थांबला.

“फुरं वाच,” पदराआडून आवाज आला.

“तरंगिणी सुचवते,” त्यानं वाचलं. तोंडातून छापलेलंच निघालं. बंदराच्या गेटवर वर्षानुवर्षं कागदांवरचे आकडे तपासून पोटापाण्याला लागलेला माणूस तो, कागदावर आहे ते सोडून भलतं वाचायची जिभेला सवय नव्हती. “तरंगिणी सुचवते, भरती पाऊण झाली की…”

“कोन?”

“तरंगिणी.”

“ही कोनाची कोन?”

“कंपनी हाय, काकी. पुस्तक आता तिच्याकडे हाय.”

मनुबाई जराशी विचारात पडली. “तिचा कोन जेला हाय काय थं?”

“न्हाय.”

“ती तरी जेली हाय कंदी? मचव्यान बसून?”

“न्हाय, काकी.”

“मंग तिला काय ठावं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांनी विचारलं असतं तसंच तिनं विचारलं होतं. चांगदेवच्या मनात कधीचं साचलेलं एकदम वर आलं; या म्हातारीला तरी कळलं, याचा आनंद आणि कळून आता काय उपयोग, याचा संताप दोन्ही बरोबरच आले. त्यानं घसा खाकरला. “बरं, तिला जाऊ दे. मी सांगतो. चांगदेव म्हणतो, भरती पाऊण झाली की पांढरी घुमटी…”

“तू जेलतास कंदी?”

नव्हता गेला. मोरा बंदरातून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्ये लहानपणी त्याला इतक्या ओकाऱ्या झाल्या होत्या, की बापानं त्याला शाळेत बसवलं, आणि शाळेनं त्याला बंदराच्या गेटवर बसवलं. तीस वर्षं तो पुस्तक काढत होता तो घरात बसून. सरकारी कोष्टकं मिळवायची, गावोगावच्या नाखव्यांना फोन करायचे, वाळू सरकली का, घुमटी दिसते का, झाड पडलं का. रेवदंड्याचा नाखवा फोनवर म्हणायचा, तसंच हाय, तसंच छापा. तो तसंच छापायचा. वर ‘भागोजी म्हणतो’ असायचं ना, म्हणजे जबाबदारी बापाची. मास्तरांनी तरी एकदाच अंग झटकलं होतं. त्यानं दरवर्षी झटकलं. तरंगिणीला जाब विचारायला बेलापूरपर्यंत गेलेला माणूस, तुमच्यातलं कोण तिथं गेलंय म्हणून सुनावणारा, आणि त्याला स्वतःला ती पांढरी घुमटी कशी दिसते ठाऊक नव्हतं. पांढरी तरी आहे का अजून? की कुणी तिला भगवा रंग दिला? जोडमाडांतला एखादा वादळात पडला नसेल कशावरून?

त्यानं मान खाली घातली. पदर अजून डोक्यावर होता, आणि पदराआड ती वाट बघत होती. येसाजी वाळूच्या पट्ट्याच्या बाहेर होता. दरवर्षी या घटकेला तो आत येत असे. अंगणात कावळा ओरडला, कुठंतरी कंटेनरवर कंटेनर आदळल्याचा आवाज आला. ‘भागोजी म्हणतो’ म्हणून टाकावं, एकदाच, शेवटचं, असं त्याला इतकं वाटलं की ओठ हलले. पण तिनं ऐकलं होतं. एकदा कळल्यावर भागोजी बोलतोय असं ढोंग तिच्यासमोर करायचं म्हणजे बापाच्या तोंडात आपला हात घालून जबडा हलवण्यासारखं झालं असतं. तरंगिणीनं निदान स्वतःच्या नावानं केलं होतं.

“चाय घे,” शेवटी मनुबाई म्हणाली. तिनं पदर मागे सारला नाही. पुस्तक घ्यायला हात पुढे केला नाही. ‘आयला’ म्हणाली नाही. चांगदेवनं डाव्या हाताचं बोट पानांत घातलं आणि उजव्या हातानं चहा प्यायला. चहा गोड होता. तो उठला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मिटू नको.”

“न्हाय मिटत.”

रस्त्यावर बसथांब्याची पत्र्याची शेड होती. या बाजूला उभं राहिलं की बस उलव्याला, मितेशकडे, टीव्हीकडे, जेवणाकडे. तो बराच वेळ तिथं उभा राहिला आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालून घेतल्या: मितेशला, प्राप्तीला, गॉगलवाल्या जोडप्याला, मास्तरांना, तापानं निजलेल्या बापाला. शिव्या संपल्या. बोट पानांतच होतं आणि आखडलं होतं. पलीकडून पेणची एसटी वळणावर दिसली, तसा तो काही न ठरवता रस्ता ओलांडून गेला आणि हात केला.

बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीची काच पुरती लागत नव्हती आणि बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. कंडक्टर तरुण होता, दमलेला. “कुठं?”

“रेवदंडा.”

“ही पेणलाच जाते. पुढं अलिबाग, मग रेवदंडा. पोचेपर्यंत अंधार होईल, काका.”

“उद्याची भरती दुपारची हाय. चालंल.” एवढं बोलल्यावर लाँचचा तो जुना वास, डिझेलचा, त्याच्या नाकात भरला. कुणाच्या तरी होडीत बसावं लागेल. ओकाऱ्या होतील. कोळ्यांची पोरं हसतील. हसू देत. बाहेर जाऊन पुन्हा आत यावं लागेल, पाऊण भरतीला, घुमटी धरून, असलीच तर. तेव्हा कुठं काकीपुढे ‘चांगदेव म्हणतो’ म्हणता येईल.

“पेणपर्यंत हाफ तिकीट द्यायचं तर आधार कार्ड दाखवा,” कंडक्टर म्हणाला, आणि मग त्याच्या हाताकडे बघून, “ते पुस्तक मिटून पिशवीत टाका ना, भिजतंय.”

“मिटता येत न्हाय,” चांगदेव म्हणाला. “मचवा अजून बाहेर हाय.”

कंडक्टरनं त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. चांगदेव एका हातानं खिशातलं कार्ड शोधू लागला. त्याला वेळ लागला, आणि तोवर कंडक्टर सीटला धरून उभा राहिला.